जाऊनच राह्यलो तं

माझे बाबा आयुष्यात कधी एका कामासाठी घराबाहेर पडले नाहीत. आदिलाबादला दाढ दाखवायला निघाले, तरी पिशवीत आईचा शिवायला टाकायचा कपडा, मापासाठी कंदिलाची फुटकी काच आणि ओळखीतल्या कुणा मुलीची पत्रिका असायचीच. "जाऊनच राह्यलो तं एवढं करून घेऊ," हे त्यांचं पालुपद. फेरी एका कामात खर्ची घालणं त्यांना उधळपट्टी वाटायची. पुष्कळदा पत्रिका पोचायची, काच मिळायची आणि दाढ तेवढी दाखवायची राहायची. मग ते गाल धरून परत यायचे आणि आई लवंग शोधायला लागायची. आम्ही सगळे हसायचो. मीही हसायची. ही सवय पुढे माझ्याच मुळावर येणार आहे हे ठाऊक असतं, तर एवढे दात काढून हसले नसते.

आम्ही गुडीहत्नूरला राहायचो, हायवेला अगदी लागून. नागपूरहून हैदराबादकडे जाणारे ट्रक दारावरून गेले की मांडणीवरचे पेले एकमेकांना लागून किणकिणायचे. पाहुण्यांची झोप उडायची. आम्हाला उलट ट्रक थांबले की जाग यायची. बाबा महसूल खात्यात गिरदावर होते. म्हणजे गावोगाव हिंडून पिकं बघायची, बांध बघायचे, कोणाची जमीन कुठे संपते ते ठरवायचं. त्या हुद्द्याला सरकारने कधीच दुसरं नाव दिलं होतं, पण लोक त्यांना मरेपर्यंत गिरदावर साबच म्हणत राहिले. निजाम गेला, त्याची ऑफिसातली भाषा मात्र गेली नाही. दरखास्त म्हणजे अर्ज, मिसल म्हणजे फाईल, मुदत, पेशी. आईने साखर संपली असं सांगितलं की बाबा पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, "दरखास्त मंजूर." यातला पेशी हा शब्द नीट लक्षात ठेवा. जमिनीच्या भांडणात दोन्ही बाजूंनी साहेबापुढे हजर राहायचा दिवस म्हणजे पेशी. आणि पेशीबद्दल बाबांचं एक पक्कं ज्ञान होतं: ती चुकली तरी काही बिघडत नाही, पुढची तारीख मिळते. बैल आजारी पडला, सून बाळंत झाली, नाल्याला पूर आला, असं काहीतरी कारण लिहून दरखास्त द्यायची, की साहेब मुदत वाढवून देतो. अशा दरखास्ती लिहून घ्यायला आजूबाजूच्या गावांतून लोक आमच्या ओसरीवर येऊन बसत. बाबांचं अक्षर सुंदर होतं आणि त्यांना त्याचा गर्व होता. त्यांच्या हातची दरखास्त कधी नामंजूर झाली नाही, हे ते स्वतःच सांगायचे.

मी घरातलं शेंडेफळ. माझ्यात आणि दादात इतकं अंतर, की त्याचं लग्न झालं तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. दादा पुण्याला नोकरीला होता. तो येणार म्हटलं की आई आदल्या दिवसापासून चुलीपुढून हलायची नाही: अंबाडीची भाजी, तिळाची चटणी, ज्वारीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा. मी रोज तिथेच राहत होते, त्यामुळे मला लोणी रोज मिळायला हरकत नव्हती, पण ते दादा येईपर्यंत शिंक्यावर चढलेलं असायचं. मी इंटरला, म्हणजे अकरावी-बारावीला, आदिलाबादला जायची, रोज बसने. मराठी शाळेतून एकदम इंग्रजीत पडलेली मुलगी. सुरुवातीला वर्गात काय चाललंय ते कळायचं नाही आणि बाकावरच्या तेलुगू मुली काय बोलतात तेही कळायचं नाही. शेजारी टीचरम्मा राहायच्या, आमच्या गावच्या हायस्कूलमध्ये सायन्स शिकवणाऱ्या. त्यांनी मला दोन वर्षं संध्याकाळी आपल्या स्वयंपाकघरात बसवून शिकवलं. त्या एकीकडे चिंचेचा भात कालवायच्या आणि दुसरीकडे बेडकाच्या हृदयाचे कप्पे मोजून घ्यायच्या. अजूनही चिंचेच्या फोडणीचा वास आला की मला बेडूक आठवतो. मला डॉक्टर व्हायचं होतं. हे वाक्य आज लिहिताना सोपं वाटतं, पण आमच्या घरात ते मी फक्त एकदा, आईजवळ, तेही ती पाठमोरी पीठ मळत असताना म्हटलं होतं. ती म्हणाली, "हो का? बरं." आणि मळत राहिली.

एन्ट्रन्सचा निकाल लागला तेव्हा आदिलाबादहून पेपर घेऊन टीचरम्माच धावत आल्या. माझ्या रँकला वरंगलचं मेडिकल कॉलेज मिळायला काही अडचण नव्हती. मागच्या वर्षी कुठल्या रँकला काय मिळालं ते त्यांनी कुणाकुणाला विचारून ठेवलं होतं. बाबांनी ओसरीवर बसलेल्या सगळ्यांना गूळ वाटला. "पोट्टीनं नाव काढलं," असं ते आल्यागेल्याला सांगत होते. मी ते शब्द कित्येक दिवस मनात घोळवत होते. मग हैदराबादहून बोलावणं आलं. ठरलेल्या दिवशी सकाळी हॉलमध्ये हजर राहायचं, रँकप्रमाणे नाव पुकारतात, नाव आलं की समोर जाऊन कॉलेज निवडायचं. बाबांनी ते वाचलं, भिंतीवरचं कॅलेंडर उतरवलं, मांडीवर घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. हैदराबादच्या तारखेच्या आदल्या दिवशी व्यासपौर्णिमा होती.

आता व्यासपौर्णिमेचं आणि आमच्या घराचं काय नातं, ते सांगायला हवं. आमच्या भागात मुलाला शाळेत घालायच्या आधी बासरला सरस्वतीपुढे नेतात. तिथे पाटीवर पहिलं अक्षर गिरवतात. तेलुगू घरांत, मराठी घरांत, सगळीकडे ही रीत. व्यासपौर्णिमेचा दिवस त्याला फार चांगला मानतात. पण बाबांनी या रीतीला स्वतःची एक पुरवणी जोडली होती. आमचे आजोबा अंगठाबहाद्दर. बाबा घराण्यातले पहिले शिकलेले, तेही निजामाच्या शाळेत उर्दूतून. म्हणून त्यांनी ठरवून टाकलं होतं, की आमच्या घरातला मुलगा पहिलं अक्षर गिरवेल तो घरातल्या पहिल्या शिकलेल्या माणसाच्या मांडीवर बसून. पाटी रात्रभर तशीच ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्याच माणसाने ती गोदावरीत धुवून आणायची. दादाचं असं झालं होतं. ही रीत बाबांनी सुरू केली आणि पुढे ते स्वतःच तिच्याबद्दल असं बोलायला लागले, जशी काही ती वेदांत लिहिली आहे. माझं काय झालं होतं म्हणाल, तर माझं काही झालं नव्हतं. मी चुलीजवळ राखेत बोट फिरवत होते, शेजारच्या कुणी तरी 'ग' काढून दाखवला, झालं. मुलींचं घरीच होतं, असं आई सांगायची.

दादाचा निखिल त्या वर्षी शाळेत जायचा होता. बाबांनी लगेच पुण्याला पत्र टाकलं. बेत असा: दादा-वहिनी निखिलला घेऊन पौर्णिमेच्या दोन दिवस आधी येतील. आम्ही सगळे जीपने आदल्या दिवशीच बासरला जाऊ, गर्दी व्हायच्या आत अक्षर गिरवून घेऊ, पौर्णिमेच्या पहाटे पाटी धुऊ, आणि तिथूनच मी आणि बाबा हैदराबादची गाडी पकडू. बासर गाडीच्या वाटेवरच आहे. बाकीचे जीपने परत. "एका फेरीत दोनी नातवंडं... म्हंजे नातू अन् पोरगी, दोघांचंबी शिक्षन मार्गी लागते," बाबा म्हणाले. खरं सांगायचं तर बेत वाईट नव्हता. कागदावर तो इतका नेटका बसत होता, की मलाही आनंद झाला.

टीचरम्मांना मात्र तो पटला नाही. त्यांची बहीण हैदराबादला राहायची आणि त्या स्वतः त्याच आठवड्यात तिच्याकडे जाणार होत्या. कुंदाला, म्हणजे मला, आपल्यासोबत आधीच पाठवा, असं सांगायला त्या मुद्दाम आल्या. आमच्या घरात त्या हिंदी, तेलुगू आणि थोडं मराठी असं सगळं मिसळून बोलायच्या.

"गिरदावर गारू, दो दिन पहिले मेरे साथ भेजो. उस दिन लेट हुआ तो सीट पोतुंदि," त्या म्हणाल्या. सीट हातची जाईल.

"काऊन जाईन?" बाबा हसले. "आमी जाऊनच राह्यलो नं तिकडं. आपली पोरगी दुसऱ्याच्या घरी कायले ठेवाची? अन् समजा थोडाबहुत उशीर झालाच, तं एक दरखास्त देऊ. कारन लिहून देल्लं की मानूस समजून घेते."

"वो पेशी नहीं है," टीचरम्मा म्हणाल्या.

"सरकारी काम सगळं सारखंच असते, टीचरम्मा."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. त्या वयात बाबांपुढे बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती, आणि शिवाय मला वाटत होतं की बाबा आहेत म्हणजे होईल सगळं नीट. टीचरम्मा चहा अर्धा टाकून उठल्या. त्यांनी असं कधी केलं नव्हतं.

दादा एक दिवस उशिरा आला. कारण विचाराल तर पुण्याहून येताना वाटेत नांदेड लागतं आणि नांदेडला वहिनीचं माहेर. "येऊनच राह्यलो होतो तं म्हटलं हिच्या घरी एक रात्र थांबून घेऊ," तो बॅग ठेवता ठेवता म्हणाला. बापाचा मुलगा शोभला. बाबांनी त्याला एका शब्दाने विचारलं नाही. त्यांनी फक्त नवा बेत सांगितला: आता पौर्णिमेच्याच दिवशी सकाळी बासर, दुपारची गाडी हैदराबाद. "आन् पाटी?" आईने विचारलं. "पाहू," बाबा म्हणाले. आई दशम्या लाटत होती. तिने माझी सर्टिफिकिटांची फाईल एका जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळली आणि पूजेच्या ताटात, पाटीखाली ठेवली. "देवीपुढं तुझंबी ठेवू वं," ती म्हणाली. तिला त्यात माझं भलंच वाटत होतं.

पहाटेच्या अंधारात जीप निघाली. नेरडीगोंडा मागे पडलं, निर्मलचा घाट उतरला, तोवर निखिल वहिनीच्या मांडीवर झोपलेला आणि बाबा पुढे ड्रायव्हरशेजारी खुशीत. भैंशाच्या पुढे रस्त्यावर जीपा आणि बैलगाड्यांची रांग लागली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आजच्या दिवशी बासरला फक्त आम्हीच चाललेलो नाही. देवळाबाहेर रांग म्हणजे पार उतारापर्यंत. प्रत्येक घराच्या कडेवर नवे कपडे घातलेलं एक मूल, प्रत्येकाच्या हातात पाटी. पोरं रडत होती, बाया पदराने वारा घालत होत्या, लाऊडस्पीकरवरून तेलुगूत हरवलेल्या मुलांची नावं सांगत होते. ऊन चढलं. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती. मी स्टेशनच्या दिशेने बघत होते; तिथून ते दिसत नाही, तरी बघत होते.

"बाबा, गाडीची वेळ होऊन राह्यली," मी म्हटलं.

"होते नं बाई, होते आता. किती पुढं आलो पाह्य."

"मी एकटी जाते. फाईल द्या. स्टेशनवर उतरल्यावर टीचरम्माच्या बहिणीकडं जाईन."

"एकटी?" वहिनीच आधी बोलली. मग आई. मग रांगेतली एक अनोळखी बाईसुद्धा माझ्याकडे वळून बघायला लागली.

"तुले शहराची काही माहिती हाये का?" बाबा म्हणाले. "गप उभी राह्य. अन् फाईल आता ताटात हाये, देवीपुढं ठेवल्याबिगर काढाची नाही."

मी दादाकडे वळले. "दादा, तू चाल नं मग माझ्यासंगं. बाबा तं हायेतच इथं."

"निखिल मले सोडून राह्यत नाही वं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, अगदी समजुतीच्या सुरात, "एक वर्ष गेलं तं काय बिघडते? मी नाही का इंटरले दोनदा बसलो?"

दादा इंटरला दोनदा बसला तेव्हा त्याच्यासाठी आदिलाबादला खोली घेतली होती आणि आई महिनाभर तिथे स्वयंपाक करायला जाऊन राहिली होती. हे मी त्याला त्या रांगेत ऐकवायला हवं होतं. आज इतक्या वर्षांनी ते इथे लिहून टाकते. तो वाचणार नाही, पण लिहिल्याने मला बरं वाटतं.

गाडीची शिट्टी ऐकू आली तेव्हा आम्ही मंडपाच्या आत नुकतेच शिरलो होतो. आणखी कितीतरी वेळाने आमची पाळी आली. बाबा मांडी घालून बसले, निखिल त्यांच्या मांडीवर. पुजाऱ्याने मंत्र म्हटले, बाबांनी निखिलच्या मुठीत पेन्सिल दिली, त्यावर आपला हात ठेवला आणि पाटीवर ॐ काढलं. निखिल घामाने भिजला होता आणि त्याला प्रसादाचा भात हवा होता. बाबांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्या पाण्याचा मला राग आला. अजूनही येतो.

देवळाजवळच्या धर्मशाळेत एक खोली मिळाली. अजून उजेड होता. रात्रीची बस निजामाबादहून पकडली तर सकाळी हैदराबाद गाठता येत होतं. हे मला ठाऊक होतं, जीपच्या ड्रायव्हरनेही सांगितलं होतं, आणि त्याने आम्हाला तिथवर सोडायची तयारीही दाखवली होती. मी बाबांसमोर उभी राहिले आणि म्हटलं, आत्ता निघालो तर होतंय. बाबांनी पाटीकडे पाहिलं. ती कोपऱ्यात चौरंगावर ठेवली होती, फुलं वाहून. सकाळी ती धुवायची होती.

तेव्हा आई बोलली. आईला बाबांना उलटून बोलताना मी आयुष्यात फारतर दोनतीनदा ऐकलं असेल. ती दशम्या सोडत बसली होती, तशीच, वर न बघता म्हणाली, "तुमी पोरीले घेऊन निघा. पाटी मी धुते सकायी."

"तू?" बाबा म्हणाले. "तुले सही तं येत नाही. पाटी धुनं म्हंजे भांडं घासनं हाये का?"

खोलीत दादा होता, वहिनी होती, मी होते. आईने प्रत्येकाच्या हातावर एक दशमी आणि वर चटणी ठेवली, स्वतः घेतली नाही, आणि बाहेर पायरीवर जाऊन बसली. मी तिच्याजवळ गेले नाही. मला तेव्हा तिचाही राग आला होता, की एवढं बोलून गप्प का बसली. आता मी तिच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे आणि मला कळतं, की तिच्याजवळ जेवढं होतं तेवढं सगळं तिने त्या एका वाक्यात घातलं होतं.

"तू काऊन रडून राह्यली?" बाबा मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज मऊ होता, हेही सांगायला हवं. "मी दरखास्त लिहितो नं. घरात धार्मिक कार्य होतं म्हनून. माह्या अक्षराची दरखास्त आजवर कोनं परत केली?" त्यांनी खरोखर खिशातून पेन काढलं आणि बसून दरखास्त लिहिली. पहाटे ते गोदावरीवर गेले, पाटी धुतली, ओली पाटी छातीशी धरून परत आले. ॐ पुसलं गेलं होतं. मग आम्ही सकाळची गाडी धरली.

हैदराबादला संध्याकाळी पोचलो. हॉल बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी आत गेलो तेव्हा एका लांब टेबलामागे एक मॅडम बसल्या होत्या. बाबांनी आधी नमस्कार केला, मग दरखास्त पुढे केली, मग मला पुढे केलं. मॅडमनी माझा रँक पाहिला, रजिस्टरमध्ये बोट फिरवलं आणि म्हणाल्या, काल दुपारीच पुकारला. वरंगल भरलं. माझ्या रँकला मिळण्यासारखं सगळंच भरलं होतं.

"वजह लिखा हूँ नं मैं उसमें," बाबा म्हणाले. "थोडी मुदत देव. अगली तारीख देव."

मॅडमनी दरखास्त वाचली. नीट, शेवटपर्यंत वाचली. मग घडी घालून परत दिली. "इधर तारीख नहीं पडती, साब," त्या म्हणाल्या. त्या उर्मट नव्हत्या. उर्मट असत्या तर निदान त्यांच्यावर चिडता आलं असतं. मागे एक मुलगी आणि तिचा बाप उभे होते, त्यांना पुढे येऊ द्यायला आम्ही बाजूला झालो. मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिला काय माहीत.

बाहेर आल्यावर बाबा थोडा वेळ फाटकाशी उभे राहिले. मग त्यांनी दरखास्त खिशात ठेवली. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील. चुकलं माझं, एवढं जरी म्हणाले असते तरी चाललं असतं. तेवढ्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली असती. ते म्हणाले, "आलोच हाओत तं म्युझियम पाहून घेऊ. तू पाह्यलं नाहीस."

आणि मी गेले. काय करणार होते? तिथे एक मोठं घड्याळ आहे, दर तासाला आतून एक छोटा माणूस बाहेर येतो आणि टोले देतो. ते बघायला लोक आधीपासून जागा धरून बसतात. बाबांनी मला पुढच्या रांगेत जागा धरून दिली. माणूस आला, टोले दिले, आत गेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबांनीही वाजवल्या. मग आईसाठी बांगड्या घेतल्या, निखिलसाठी चावीचं माकड घेतलं, आणि आम्ही परतलो.

पुढच्या वर्षी परत बसू, असं ठरलं होतं. पुढच्या वर्षी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात यवतमाळकडची माणसं माहूरला देवीला जात होती, आणि जाऊनच राह्यली होती तर पुढे येऊन आमची कुंदा बघून गेली. पसंत केली, आणि परीक्षा राहून गेली. माझा नवरा भला माणूस होता, त्याच्याबद्दल मला या प्रकरणात काही म्हणायचं नाही. मी पुढे बी.एड. केलं, आदिलाबादच्या मराठी शाळेत सायन्स शिकवलं, पोरींना बेडकाच्या हृदयाचे कप्पे मोजायला लावले. नातेवाइकांत आई सांगायची, आमच्या कुंदाच्या नशिबातच नव्हतं. मी तिला कधी अडवलं नाही, पण नशीब हा शब्द मी माझ्या घरात कोणाला वापरू देत नाही. वर्गात एखाद्या मुलीला मार्क चांगले पडले की मी तिच्या बापाला बोलावून घ्यायची आणि विचारायची, ॲडमिशनच्या दिवशी तुमच्याकडे दुसरं काही काम नाही ना? लोक मला तऱ्हेवाईक बाई म्हणायचे. म्हणोत. निखिल मोठ्या पगारावर परदेशात आहे. मध्यंतरी फोनवर बासरचा विषय निघाला तर म्हणाला, "बासर म्हणजे कुठं गं, आत्या?"

बाबा शेवटच्या वर्षी अंथरुणाला खिळले. उजवी बाजू गेली होती, त्या सुंदर अक्षराचा हात गादीवर तसाच पडून असायचा. मी शाळेतून रजा घेऊन गुडीहत्नूरला आले होते. एके दुपारी त्यांचा श्वास वर लागला. आदिलाबादचा डॉक्टर यायला तयार नव्हता, शेजारचा कुणी जीप बघायला गेला होता, आणि हायवेवर ट्रक एकामागून एक चालले होते. मी त्यांना उशीला टेकवून बसवलं, पाठ चोळली, घोट घोट पाणी पाजलं. जरा बरं वाटलं तेव्हा ते माझ्याकडे बघत, जड जिभेने, एक एक शब्द वेगळा काढत म्हणाले, "घरात... एखादा डाक्टर पायजे होता."

हे मी वीस वेळा मनात बोलून ठेवलेलं होतं, पण तोंडावाटे निघालं ते अगदी साध्या आवाजात. "होती नं, बाबा," मी म्हटलं. "तुमीच तिची पेशी वाढवली."

आई दारात उभी होती. तिने ऐकलं. बाबांनीही ऐकलं, कारण त्यांच्या कपाळाला आठी पडली. ऑफिसात मिसल समोर आली की पडायची तीच आठी. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, अगदी कामाचं विचारावं तसं, "मंग... पुढली तारीख कोनती देल्ली?"

मी त्यांच्या तोंडावरचं पाणी पुसलं.

"अजून देल्ली नाही," मी म्हटलं.